एकोणिसाचा पाढा, ताशी साठ मैल

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. आमच्या गॅरेजमध्ये बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. मोटरसायकल खोलून पुन्हा जोडली की दर वेळी एखादा स्क्रू उरायचा. गाडी तर चालतेय, मग हा कुठला, असं म्हणून मी तो डब्यात टाकायचो. बघता बघता डबा भरला! किश्श्यांचंही तसंच झालं. घडले तेव्हा वाटलं, जाऊ दे, कोण लक्षात ठेवतंय. पण चार मराठी माणसं चहाला जमली की कोणीतरी डबा हलवतंच.

काळ ऐंशीच्या दशकातला, गाव वॉटफर्ड. तिथल्या मराठी मंडळींत मोटरसायकलवाले आम्ही तिघंच. एक दामले, भूल देणारे डॉक्टर, आमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांच्या मागे शैलावहिनी, साडीवर वॉटरप्रूफ पँट चढवून ताठ बसलेल्या. दुसरा सुधीर कामत, टेलिफोनचा इंजिनीअर, दिवसातून मोजून वीस वाक्यं बोलणारा. आणि तिसरा मी, मधू. व्यवसायानं कान-नाक-घशाचा डॉक्टर. लोकांना नीट ऐकू येतं की नाही हे तपासण्याचा मला पगार मिळायचा!

या सगळ्या किश्श्यांत बावळट कोण, हे ओळखायला तुम्हाला वेळ लागणार नाही. मंडळी हसतात, मीही हसतो. शेवटचा किस्सा मात्र मी सहसा सांगत नाही. आज सांगतो.

* * *

सुरुवात माझ्या बायकोच्या अटीनं झाली. हॉस्पिटलातल्या एका पोर्टरची साडेसातशे सीसीची जुनी गाडी मी घेतली, तेव्हा वसुधानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "मी मागे बसेन. पण गाडीवर बोलता आलं पाहिजे."

"गाडीवर कशाला? घर आहे ना बोलायला!"

"घरात तुमचा हॉस्पिटलचा ब्लीप वाजतो. ब्लीप नाही वाजला तर पेपर असतो. गाडीवर तुम्ही उठून कुठे जाणार?"

तिला काय बोलायचं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. माझे सासरे त्याच वर्षी गेले होते. सासूबाई सांगलीत एकट्या, आणि वसुधा त्यांची एकुलती एक. आईला कायमचं इकडे आणायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं. त्यासाठी क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसातून एक फॉर्म आणायचा, भरायचा, आणि त्यावर माझी सही.

माझा नकार नव्हता. पण होकारही नव्हता. तीन खोल्यांच्या घरात सासूबाई कायमच्या, हा विचार मला झेपत नव्हता, आणि तसं बायकोला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. तेव्हा मी मोठ्या उदारपणे म्हणालो, "ठरलं! आजपासून महत्त्वाचं सगळं गाडीवर. घरात विषय काढायचाच नाही. गाडीवर निवांत बोलू."

हा नियम मी केला होता. तेवढं लक्षात ठेवा.

पहिली सिस्टीम मी स्टेथोस्कोपच्या नळ्यांची केली. जुन्या बोटींवर कप्तान नळीत तोंड घालून खालच्या एंजिनवाल्याशी बोलायचा ना, तसं. वॉर्डातून टाकून दिलेले दोन स्टेथोस्कोप आणले, नळ्या जोडल्या, एक टोक माझ्या कानात, दुसऱ्या टोकाला फनेल, ते तिच्या तोंडाशी. वीज नाही, बॅटरी नाही, त्यामुळे खरखर नाही! तिच्या तोंडून नळी निघते आणि माझ्या हेल्मेटमध्ये शिरते, अशा थाटात आम्ही हाय स्ट्रीटवरून निघालो.

सिग्नलला शेजारी पोलीस येऊन उभा राहिला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नळीवरून एकदा बोट फिरवलं आणि अत्यंत अदबीनं विचारलं, "अँड विच वन ऑफ यू इज द पेशंट, सर?"

मी हसून वेळ मारून नेली. मग घरी आल्यावर कळलं की वसुधा अर्धा मैल त्या फनेलमध्ये ओरडत होती. तिच्या आईनं विणून पाठवलेला लोकरीचा हातमोजा रस्त्यात पडला होता. मला वाटलं होतं, वारा.

* * *

मग आलं विजेचं प्रकरण. दोन माईक, दोन स्पीकर, एक छोटा ॲम्प्लिफायर. सगळं गाडीच्या बॅटरीवर जोडलं. गाडी बंद असताना इतकं सुरेख चालायचं! वसुधा मागे बसून कुजबुजली तरी ऐकू यायचं. एंजिन सुरू केलं की मात्र कानात शिट्टी. गाडीचा वेग वाढला की शिट्टीही वर चढायची. शिवाय प्लगच्या ठिणगीची कडकड वेगळीच.

सुधीर येऊन पाहून गेला. गॅरेजच्या दारात उभा राहून काहीतरी एक वाक्य बोलला आणि चहा न घेता निघाला. मी तेव्हा सोल्डरिंगमध्ये होतो.

मी तारा बदलल्या, जाड केल्या, लांब केल्या. लांब केल्या तशी शिट्टी थोडी कमी झाली, पण त्या तारांचा झाला एरियल! सेंट अल्बन्स रोडवर एक मिनीकॅबचं ऑफिस होतं. तिथली वायरलेसवरची बाई आमच्या हेल्मेटांत येऊन बोलायला लागली. "कार सेव्हन, व्हेअर आर यू, लव्ह?" आणि मग तो सात नंबरवाला सांगायचा, "स्टेशनवर आहे, पाच मिनिटांत निघतो."

मी वैतागलो. म्हटलं, ही घाण काढल्याशिवाय आपलं बोलणं शक्य नाही. वसुधा मागून म्हणाली, "राहू द्या हो. मला आवडते ती बाई. ती विचारते आणि तो सात नंबर लगेच उत्तर देतो."

मी त्या वाक्यावर खूप हसलो होतो. दामल्यांकडे जाऊन सांगितलंही. आता आठवलं की कान गरम होतात.

* * *

वाऱ्याचा त्रास निराळा. चाळीस मैलांच्या वर गेलं की माईकमध्ये वारा असा घोंगावायचा की जणू कोणी ताडपत्री झटकतंय. माईकवर स्पंज लावायचा असतो, हे मला माहीत होतं. पण रविवारी दुकानं बंद. मी वसुधाच्या ड्रेसिंग टेबलावरचा पावडरचा पफ उचलला, मधोमध चीर दिली आणि माईकवर चढवला. एकदम बेस्ट फिट!

सोमवारी सकाळी तसाच हॉस्पिटलला गेलो. हेल्मेट काढलं, कोट चढवला, राउंडला उभा. आमचे कन्सल्टंट म्हणजे अगदी कडक गृहस्थ, चार वर्षांत माझ्याशी हवामानापलीकडे बोललेले नव्हते. ते पेशंट सोडून माझ्या तोंडाकडेच बघायला लागले. सिस्टर बघायला लागली. विद्यार्थी तर पोटं धरायच्या बेतात. ओठांच्या वर, खाली आणि हनुवटीवर गुलाबी पावडरीचा जाड थर!

राउंड संपल्यावर कन्सल्टंट माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "युअर वाइफ्स, आय ट्रस्ट?" म्हणजे, पावडर बायकोचीच ना?

घरी आलो तर वसुधा त्या पफाची खाली राहिलेली नुसती रिबन हातात घेऊन बसली होती. तिला म्हटलं, "अगं पण वारा ऐंशी टक्के गेला!" ती म्हणाली, "मग आता बोलू या?" मी म्हटलं, "अजून वीस टक्के राहिलाय ना."

* * *

टेस्टिंगला सलग आवाज लागतो. कुठल्या वेगाला किती खरखर येते, हे कळायला मागच्या माणसानं न थांबता बोलत राहायला हवं. पहिल्या दिवशी वसुधानं विचारलं, "काय बोलू? आईबद्दल बोलू?"

"नको. वाक्यात तू मध्ये थांबतेस, उत्तराची वाट बघतेस. मग मला खरखर मोजता येत नाही. तू असं कर, पाढे म्हण!"

तिचे वडील शाळामास्तर. तिला तिसापर्यंत पाढे पाठ, झोपेतून उठवलं तरी बिनचूक. तेव्हापासून दर रविवारी आमची गाडी हर्टफर्डशरच्या रस्त्यांवरून जायची आणि मागून आवाज यायचा, "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस." बाराचा पाढा तीस मैलांना, सतराचा पन्नासला, एकोणिसाचा साठला, असं मी वहीत लावून ठेवलं होतं. ती म्हणायची, मी नुसती खरखर ऐकायचो. दोन वर्षं आम्ही हे केलं, मंडळी. दोन वर्षं!

* * *

दरम्यान सीबी रेडिओ कायदेशीर झाला होता आणि लॉरीवाल्यांसारखे आम्हीही गाडीगाडीवर सेट लावून हिंडायला लागलो होतो. म्हणजे तिन्ही गाड्या एकमेकांशी बोलू शकायच्या. बटण दाबलं की बोलणं सगळ्यांना, सोडलं की फक्त आपल्या मागच्या माणसाला. पावसानं बटण खराब होऊ नये म्हणून मी त्यावर काळी टेप गुंडाळली. जरा घट्टच गुंडाळली.

चिल्टर्नच्या टेकड्यांवर पिकनिक करून परतत होतो. शैलावहिनींनी सगळ्यांसाठी साबुदाण्याचे वडे आणले होते. मी वसुधाला म्हटलं, "काय वडे होते गं! एक मी खिशात ठेवलाय. मऊ मातीत गाडी उभी करताना स्टँड रुततं ना, त्याखाली ठेवायला. दहा वर्षं जाईल!"

मागून पाठीवर गुद्दे यायला लागले. मला वाटलं, हसतेय. मी आणखी रंगात आलो. वड्यांवरून दामल्यांच्या घोरण्यावर, घोरण्यावरून त्यांच्या मुलीच्या मराठीवर. गुद्दे वाढले. शेवटी ती ओरडली, "अहो, बटण! बटण!" मी म्हटलं, "मध्ये बोलू नकोस, पाढा म्हण."

अकरा मैल! तिन्ही गाड्यांवर, एक अक्षर न सुटता!

पुढच्या पिकनिकला मी गाडी लावली तर शैलावहिनी डिश घेऊन समोर उभ्या. डिशमध्ये एकच वडा. म्हणाल्या, "भावजी, आधी स्टँडखाली ठेवून बघा. उरला तर खा."

मी तो तिथेच उभ्या उभ्या खाल्ला. वर म्हणालो, छान झालाय. दामले दुसरीकडे बघत होते.

* * *

सुधीरची बदली एडिनबराला झाली. मग काय, आम्ही एडिनबरा! लोकांना कॅसल बघायचा असतो, मला गाडीची शिट्टी सुधीरला ऐकवायची होती. वसुधा लगेच तयार झाली. म्हणाली, "चारशे मैल आहेत ना? मग बोलायला वेळच वेळ." तिनं एकटीनं ट्रेननं क्रॉयडनला जाऊन फॉर्म आणला होता, तो पर्समध्ये घालून निघाली.

वाटेत एका सर्व्हिसेसला, म्हणजे मोटरवेलगतच्या पंप-कॅफेला, पेट्रोल भरलं. मी पैसे देऊन आलो, हेल्मेट चढवलं, मागे तंबू, बॅगा आणि टॉपबॉक्सचं एवढं ओझं की गाडी कायम मागेच कललेली. मी विचारलं, "बसलीस?" आणि निघालो.

काय सांगू तुम्हाला! मोटरवेला लागलो आणि कानात शांतता. शिट्टी नाही, कडकड नाही, वारा नाही. मी म्हणालो, "वसुधा, गेली बघ! टाकीखालची तार मी काल हलवली ना, तीच भानगड होती." मग मी तिला अर्थिंग म्हणजे काय ते समजावलं. पंधरा मैल समजावलं. म्हटलं, "आज तू मध्ये एकदाही बोलली नाहीस, म्हणून मला नीट सांगता आलं."

पुढच्या एक्झिटला आरशात पाहिलं तर मागे फक्त तंबू.

तिनं उतरताना माईकचा प्लग काढून घेतला होता. शांतता त्याची होती!

उलटा फिरून परत पोचायला माझा तास गेला. वसुधा कॅफेत खिडकीशी चहा घेऊन बसलेली. मला वाटलं होतं, रडत असेल, निदान भांडेल. तिनं माझ्यापुढे फॉर्म सरकवला. त्या तासाभरात तिनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत भरला होता, सुरेख कॅपिटल अक्षरांत. आईचं नाव, जन्मगाव, पत्ता, सगळं. म्हणाली, "तुमची सही तेवढी राहिलीय."

मी म्हटलं, "एडिनबराला पोचलो की करतो. आधीच तास गेलाय." तास खरंच गेला होता, फॉर्म मी टाकीवरच्या टँकबॅगमध्ये सरकवला. पण सही करता आली असती.

* * *

सुधीरनं गाडीभोवती एक फेरी मारली. एंजिन सुरू करायला लावलं, कानाला हेडफोन लावला, काढला. म्हणाला, "इंटरकॉम गाडीच्या बॅटरीवर ठेवूच नकोस. नऊ व्होल्टचा साधा सेल लाव. गाडीशी संबंधच तोड."

दोन मिनिटांचं काम! सेल लावला, शिट्टी बंद. मी त्याच्यावर उखडलोच. "अरे, मग हे मला इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. गॅरेजच्या दारात."

मग प्लगना कुठल्या कॅप लावायच्या, माईकची तार कुठून न्यायची, हे मी त्याला काढून दाखवायला सांगितलं. टँकबॅगमध्ये हात घातला, जो कागद हाताला लागला तो उलटा करून त्याच्यापुढे धरला. सुधीरनं बॉलपेननं झकास आकृती काढली. त्याखाली मी माझे आकडे लिहिले, दोन ठिकाणी तेलकट अंगठा उमटला.

वसुधा आतून चहा घेऊन आली. तिनं कागद उलटा केला. दुसऱ्या बाजूला कॅपिटल अक्षरांत तिच्या आईचं नाव होतं.

सुधीरनं बॉलपेन खिशात ठेवलं. मी म्हटलं, "नवा फॉर्म मी स्वतः आणतो. येत्या रविवारी क्रॉयडनला जाऊ, गाडीवर." क्रॉयडनचं ऑफिस रविवारी बंद असतं आणि मी गाडी रविवारीच काढायचो. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. ती आकृती मात्र मी जपून घरी आणली आणि गॅरेजच्या भिंतीवर लावली. फॉर्मची बाजू भिंतीकडे करून.

* * *

आता शेवटचा.

एप्रिलपर्यंत सिस्टीम पूर्ण झाली. नवा माईक, नवा स्पंज, सुधीरचा सेल. पुरावा हवा म्हणून मी टँकबॅगमध्ये छोटा टेपरेकॉर्डर लाइनला जोडला आणि एका रविवारी वसुधाला घेऊन निघालो. ताशी साठ मैलांना तिनं सतरा, अठरा, एकोणीस आणि वीस हे पाढे म्हटले. घरी येऊन हेल्मेट डायनिंग टेबलावरच्या एका तपकिरी लिफाफ्यावर ठेवलं आणि टेप ऐकली. डोळे मिटून, हेडफोन लावून, तीनदा. कुठेही शिट्टी नाही, खरखर नाही. मला इतका आनंद झाला की मी वसुधाला मिठी मारली. तिनं विचारलं, "ऐकलंत ना सगळं?" मी म्हटलं, "सगळं!" तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि आत गेली.

जूनमध्ये सुधीर सुट्टीवर आला, म्हणून दामल्यांनी रविवारी दुपारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. टेप मी अर्थातच खिशात घालून नेली होती. जेवणं झाली. दामल्यांनी वसुधाला सहज विचारलं, "अगं, तुझ्या आईंचं काय ठरलं? कधी येतायत?"

"नाही येत," वसुधा म्हणाली. "शुक्रवारी पत्र आलं. न्हाणीघरात पडली होती ना, त्यानंतर मामा तिला मिरजेला घेऊन गेला. सांगलीचं घर बंद केलं. आता एवढा प्रवास झेपायचा नाही म्हणते. जावईबापूंना त्रास देऊ नकोस, असं लिहिलंय."

मी चाटच पडलो. "पडल्या? कधी पडल्या?"

लाउंजमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासू पडली हे जावयाला दोन-तीन महिन्यांनी, दुसऱ्याच्या घरी कळतंय! शैलावहिनींचा चेहरा मला अजून दिसतो. आता वाटतं, त्या वेळी गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण मी आवाज चढवला.

"मला हे कोणी सांगितलंच नाही! सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी क्रॉयडनला गेलो असतो!"

"सांगितलं होतं," वसुधा म्हणाली.

"कधी?"

"गाडीवर. एप्रिलमध्ये."

"शक्य नाही," मी म्हणालो. आणि मला काय अवदसा आठवली, खिशातून टेप काढली. "एप्रिलची ना? ही बघ. सगळं रेकॉर्ड आहे इथे. दामले, लावा हो तुमचा रेकॉर्डर. होऊन जाऊ दे!"

वसुधा म्हणाली, "अहो, नका लावू." एकदाच म्हणाली. मी लावली.

आवाज खणखणीत. सुधीरनं पहिल्याच मिनिटाला मान डोलावली, आणि तो सहसा मान डोलावत नाही. सतराचा पाढा झाला. अठराचा झाला. दामले डोळे मिटून बरोबरीनं पुटपुटायला लागले, त्यांना शाळा आठवली. एकोणिसाचा सुरू झाला आणि अर्ध्यावर दामल्यांची जीभ अडखळली. मी खुशीत होतो, मला कळलं नाही. पाढा संपायच्या आत बटण दाबून टेप थांबवली.

"बघा! नुसते पाढे. आहे कुठे काही?"

दामल्यांनी डोळे उघडले. दामल्यांची मीरा, तेव्हा तेरा वर्षांची, जन्मापासून वॉटफर्डची, गालिच्यावर बसली होती. ती म्हणाली, "मधूकाका, रिवाइंड करा ना. काकू मध्ये मध्ये दुसरा काहीतरी बोलते."

"अगं, ते पाढे आहेत. तुला कळायचे नाहीत."

"हो ना, मला ते नंबर्स नाही कळत. पण आई पडली, हा मला कळतो."

मी टेप मागे घेतली. मग वसुधाचा आवाज आला, ताशी साठ मैलांचा, स्वच्छ, एका सुरातला:

"एकोणीस चोक शहात्तर. एकोणीस पाचे पंच्याण्णव. आई न्हाणीघरात पडली. एकोणीस सक चौदोदरशे. मामाचं पत्र आलंय, एकटी ठेवू नका म्हणतो. एकोणीस सत्ते तेहेतीसाशे. क्रॉयडनला जाऊन मी नवा फॉर्म आणलाय, टेबलावर तपकिरी लिफाफ्यात आहे. एकोणीस अठ्ठे बावन्नाशे. एकोणीस नव्वे एकाहत्तराशे. आज घरी गेल्यावर सही कराल ना? एकोणीस दाहे नव्वदाशे."

मग थोडी जागा रिकामी होती. तिथे वाराही नव्हता.

मग माझा आवाज आला, आनंदानं फुटलेला. "क्लिअर! एकदम क्लिअर! एक अक्षर सुटलं नाही बघ! पुढचा घे!"

पुन्हा थोडी जागा रिकामी.

"वीस एके वीस," वसुधा म्हणाली.